स्वच्छ प्रत पाहिल्यावर

पुण्यात फिल्म क्लबचा खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर भयपटांचा विषय निघाला की ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव येतंच, आणि ते आलं की पुढची वाक्यंही ठरलेली असतात. किरकोळ पैशांत काढलेला सिनेमा. मुद्दाम बातमीपटासारखं खरखरीत चित्रीकरण. वर्णद्वेषावर रोमेरोनं केलेलं जळजळीत भाष्य. जॉर्ज रोमेरोच्या या १९६८च्या चित्रपटात मेलेली माणसं उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि एका घरात अडकलेले काही जण रात्रभर जीव वाचवायला धडपडतात. त्याच्याबद्दल हे सगळं इतकी वर्षं बोललं जातंय की सिनेमा न पाहताही ते बिनचूक म्हणता येतं. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अलीकडे पुन्हा पाहिलाय, याची मला शंकाच आहे.

सिनेमा मोठा आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण त्याचा लौकिक ज्या गोष्टींवर उभा आहे त्यातल्या निम्म्या खराब प्रतींनी तयार केल्या आहेत, आणि त्या लौकिकापायी सिनेमातली खरी धारदार गोष्ट मागे पडली आहे. शिवाय तो लौकिक मुळात कसा मिळाला, ही हकीकत आपल्या गावाला, म्हणजे देशाचा चित्रपट संग्रह सांभाळणाऱ्या पुण्याला, चांगलीच झोंबायला हवी.

आधी त्या खरखरीबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांनी हा सिनेमा नकलेवरून काढलेल्या नकलेत पाहिला. काळ्या भागात काही दिसत नाही, चेहरे पांढरेफटक, चौकटीच्या कडा कापलेल्या, संवादांमागे अखंड घरघर. त्यावरून आपण ठरवून टाकलं की दिग्दर्शकानं तो असा कच्चा ठेवला, व्हिएतनामच्या बातम्यांसारखा दिसावा म्हणून. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आणि मार्टिन स्कोर्सेझीच्या फिल्म फाउंडेशननं मूळ निगेटिव्हवरून त्याची नवी प्रत सिद्ध केली. ती पाहिली की हा समज पहिल्या वीस मिनिटांतच ढासळतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरचं नीटस कृष्णधवल चित्रण. एका बाजूनं येणारा कडक उजेड, भिंतींवर लांबलेल्या सावल्या, तिरके कोन, भिंतीवर टांगलेल्या शिकारीच्या मुंडक्यांवर अचानक थबकणारा कॅमेरा. कॅमेरा आणि संकलन दोन्ही रोमेरोचंच, आणि हा माणूस हौशी नव्हता. पिट्सबर्गमध्ये तो आणि त्याचे मित्र ‘लेटेंट इमेज’ नावाची कंपनी चालवत. जाहिराती आणि छोटे पट करण्यात त्यांची वर्षं गेली होती. टेबलावरचा पेला चकाकता कसा दिसेल याची रोज काळजी घेणाऱ्यांना उजेड कळत नाही, असं म्हणणं अवघड आहे.

गंमत अशी की खरखर सिनेमात आहेच, पण नेमक्या एका जागी. अगदी शेवटी चित्र थांबतं आणि वर्तमानपत्री छपाईसारखी ठिपक्याठिपक्यांची स्थिरचित्रं येतात. नायक बेनचं प्रेत, मांसाचे आकडे हातात घेतलेली माणसं, लाकडांचा ढीग. स्वच्छ प्रतीत हा बदल अंगावर येतो, कारण तोवरची दीड तासाची प्रतिमा गुळगुळीत असते. खराब प्रतीत सगळंच खरखरीत असल्यानं तो बदल जाणवतच नाही. म्हणजे ज्या गुणासाठी आपण सिनेमाची वाहवा करत होतो, तोच गुण आपल्या हातातल्या प्रतीनं पुसून टाकला होता.

या नकला एवढ्या का झाल्या? चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरक वॉल्टर रीड ऑर्गनायझेशननं ते बदललं. हक्काची, म्हणजे कॉपीराइटची, सूचना जुन्या नावाच्या पाटीवर होती. नवी पाटी केली तेव्हा ती सूचना टाकायची राहून गेली. तेव्हा अमेरिकेत १९०९चा कायदा लागू होता आणि प्रदर्शित प्रतीवर सूचना नसेल तर हक्क गेलाच. सिनेमा थेट सार्वजनिक मालकीचा झाला. मग ज्याच्याकडे प्रत आली त्यानं ती दाखवली. मध्यरात्रीचे खेळ, स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रं, पुढे व्हिडिओ कॅसेट, त्यानंतर स्वस्त डीव्हीडी आणि शेवटी इंटरनेट. कुणाला परवानगी मागायची नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. निर्मात्यांना मिळायला हवे होते त्यातले बरेचसे पैसे कधीच मिळाले नाहीत, हा अन्याय आहेच. पण हा सिनेमा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो याच गफलतीमुळे. त्या काळात अमेरिकेत असे स्वस्त भयपट पुष्कळ निघाले. काही बरेही असतील. ते डब्यात राहिले, हा रस्त्यावर आला.

समीक्षकांनी काही त्याला वर काढलं नव्हतं. ‘व्हरायटी’ या चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकानं सुरुवातीला त्याची साल काढली. रॉजर इबर्टचा गाजलेला लेख मुळात सिनेमापेक्षा दुपारच्या खेळाला आलेल्या, घाबरून रडू लागलेल्या लहान मुलांविषयी जास्त आहे. अमेरिकेत वयानुसार प्रमाणपत्रं द्यायची पद्धत १९६८च्या नोव्हेंबरात सुरू झाली, हा सिनेमा लागल्यावर जेमतेम महिनाभरानं. मान मिळायला वेळ लागला. १९७० मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो दाखवला गेला, आणि जतन करण्याजोग्या अमेरिकी चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत तो आला १९९९ साली. तोवर प्रेक्षकांनी निकाल कधीच दिला होता.

आता पैशांचं. खर्च सुमारे १,१४,००० डॉलर. तेव्हा डॉलर साडेसात रुपयांना होता, म्हणजे साडेआठ लाख रुपये. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या दीड लाखाच्या कर्जातून उभा राहत होता. दोन देशांतल्या महागाईचा हिशेब वेगळा, हे कबूल. तरीही आपल्याकडचा एखादा दिग्दर्शक ज्या रकमेत चार-पाच सिनेमे काढू शकला असता, ती रक्कम ‘किरकोळ’ म्हणून आपण इतकी वर्षं घोकतोय, हे जरा विनोदीच आहे. हॉलिवूडच्या चष्म्यातून आपला खिसा मोजायची ही सवय पुण्यातल्या तरुण मंडळींत मी फार पाहतो. ‘रोमेरोनं केलं तसं मित्र गोळा करू, कॅमेरा उचलू.’ पण रोमेरोच्या मित्रांकडे स्वतःची यंत्रसामग्री होती आणि गिऱ्हाइकांसाठी रात्रंदिवस केलेल्या कामाचा सराव होता. हॅरी कूपरची भूमिका करणारा कार्ल हार्डमन आणि त्याच्या पत्नीची भूमिका करणारी मॅरिलिन ईस्टमन यांची ध्वनिमुद्रणाची कंपनी होती. पहिल्या दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर घातले. गुंतवणूक करणाऱ्यांत एक खाटीक होता, म्हणून आतडी आणि मांस खरं मिळालं. कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचं सरबत चाललं. हे किस्से ऐकायला मजेदार आहेत, पण टंचाईतून सिनेमा निपजतो असा अर्थ त्यातून काढू नये. टंचाईतून बहुतेक वेळा वाईट सिनेमे निपजतात. पुण्यात आपण ते पाहिले आहेत, कौतुकानं टाळ्याही वाजवल्या आहेत, कारण दिग्दर्शक ओळखीचा असतो.

वर्णद्वेषाचा मुद्दा जास्त नाजूक आहे. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटानं केली. रोमेरो आयुष्यभर सांगत राहिला की जोन्सची चाचणी सगळ्यात चांगली झाली म्हणून त्याला घेतलं, पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेखच नव्हता. म्हणून काही जण म्हणतात की हे सगळं भाष्य योगायोगानं चिकटलं. दुसऱ्या बाजूचे लोक रोमेरोला नागरी हक्कांच्या चळवळीचा द्रष्टा ठरवतात. मला दोन्ही पटत नाहीत. पटकथेतला बेन एक रांगडा ट्रकवाला होता. जोन्स उच्चशिक्षित, रंगभूमीवरचा माणूस. त्यानं संवाद बदलून घेतले आणि बेनला शांत, मुद्देसूद, हुकमी आवाजाचा केला. एक कृष्णवर्णीय माणूस घरातल्या सगळ्या गोऱ्यांना काय करायचं ते सांगतो, प्रसंगी तिथे आसरा घेतलेल्या बार्बराला ठोसा मारतो आणि सिनेमा त्यावर अवाक्षर काढत नाही. आपण पडद्यावर काय करतोय हे जोन्सला नक्कीच कळत होतं. तेव्हा श्रेय द्यायचंच तर आधी त्याला द्यायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही. जोन्सनं पुढे नाटक शिकवलं, १९८८ मध्ये तो वारला. चर्चा मात्र आजही रोमेरोच्या हेतूंची.

एप्रिल १९६८ मध्ये तयार प्रत गाडीत घालून न्यूयॉर्कला जाताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी रेडिओवर ऐकली, ही रोमेरोची आठवण प्रसिद्ध आहे. त्या बातमीनंतर शेवटचा प्रसंग वेगळा दिसणारच होता. शेरीफच्या टोळीतला एक जण खिडकीतल्या बेनला प्रेत समजून कपाळात गोळी घालतो. त्याला ओरडून विचारावं, हाक मारून बघावी, असं कुणाच्या मनातही येत नाही. प्रेक्षकांनी तिथे जे वाचलं ते चूक नव्हतं. पण त्या एका प्रसंगानं मागचा सगळा सिनेमा गिळून टाकला, आणि बेन हुतात्मा ठरला.

आणि इथेच, मला वाटतं, आपण सिनेमाचं सगळ्यात मोठं धाडस नजरेआड केलं. बेन चुकतो, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा चुकतो.

घरात भांडण आहे ते तळघराचं. हॅरी कूपर म्हणतो, सगळ्यांनी तळघरात जाऊन दार आतून बंद करू. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा, इथे वरच राहू, खिडक्यांना फळ्या ठोकू. कूपर भित्रा, तिरसट, स्वार्थी, तर बेन धीराचा, कामाचा. आपण अर्थातच बेनच्या बाजूनं. मग पेट्रोल भरायला ट्रक बाहेर काढायचा बेत होतो. पंपाची किल्ली लागत नाही, बेन कुलूप गोळीनं उडवतो, पेट्रोल उडतं, मशाल जवळच असते. घरातलं तरुण जोडपं, टॉम आणि ज्युडी, जळून मरतं, आणि बाहेर जमलेल्यांची मेजवानी होते. पुढे बेन कूपरला स्वतःच्या हातानं गोळी घालतो. शेवटी फळ्या मोडतात, घर भरतं, आणि बेन वाचतो कुठे? तळघरात. ज्या खोलीला तो रात्रभर सापळा म्हणत होता, तिथेच सकाळपर्यंत जिवंत राहतो.

म्हणजे कूपर बरोबर होता? तेही नाही. मेलेल्यांपैकी एकानं चावलेली त्याची मुलगी खाली तळघरातच पडून आहे, आणि सगळे त्याचं ऐकून खाली गेले असते तर तीच उठून त्यांच्यावर आली असती. आईवर ती बागेतलं थापी-खुरपं घेऊन चालून जातेच. माहिती कुणाकडेच पुरी नाही, प्रत्येकाकडे अर्धी आहे, आणि ती दुसऱ्याला सांगण्यापेक्षा दुसऱ्याला खोटं पाडण्यात सगळ्यांची रात्र जाते. नायक चांगला माणूस असून त्याचे निर्णय माणसं मारतात, आणि खलनायक वाईट माणूस असून त्याच्या म्हणण्यात तथ्य असतं. १९६८च्या भयपटात हे मांडायला हिंमत लागते. आजच्या भयपटातही लागेल. बेनला हुतात्मा करून आपण ही अस्वस्थ करणारी गोष्ट गुळगुळीत करून टाकली, आणि जोन्सनं घडवलेल्या माणसाला पुतळा बनवलं.

त्यात दूरचित्रवाणीची भर. मंडळी धडपड करून टीव्ही लावतात आणि त्याच्यासमोर बसतात, जणू आता कुणीतरी मोठं माणूस सांगेल. आधी सूचना होती घरात थांबा, आता म्हणतात मदत केंद्रावर जा. वॉशिंग्टनमध्ये पत्रकार अधिकाऱ्यांच्या मागे धावतात आणि शुक्रावरून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गावरून ती मोठी माणसंही आपापसांत वाद घालतात. ट्रक बाहेर काढायचा जीवघेणा बेत या बदललेल्या सूचनेतूनच येतो. २०२० साली सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवं परिपत्रक आणि त्यावर रोज नवं महाभारत पाहिलेल्या पुणेकरांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. आमच्या पिढीला बंद दाराआडचं हे भांडण नाटकातूनही परिचयाचं आहे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७चं. दाराची कडी अडकलेली, बाहेर जाता येत नाही, आणि आतली सभ्य माणसं हळूहळू आपले दात दाखवतात. तिथे मेलेल्यांची गरजही पडत नाही.

या सिनेमात कमअस्सल भागही भरपूर आहे, आणि भक्तिभावानं त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. बार्बरा सुरुवातीला जीव घेऊन पळते, ज्युडिथ ओडियानं ते उत्तम केलंय, पण घरात शिरल्यावर पटकथा तिला सोफ्यावर बसवून विसरून जाते. टॉम आणि ज्युडीचा हळवा संवाद अवघडलेला आहे. पार्श्वसंगीत तयार संग्रहातून उचललेलं, आणि काही ठिकाणी ते कळतं. मेलेले शुक्राच्या यानामुळे उठले हा खुलासा तर नसता तर बरं, असाच. झॉम्बींचा शोध रोमेरोनं लावला हेही अर्धसत्यच. १९३२ सालच्या ‘व्हाइट झॉम्बी’तली प्रेतं हैतीच्या दंतकथांमधली होती, मालकाच्या हुकमानं राबणारी. रिचर्ड मॅथेसनच्या १९५४च्या कादंबरीचं ऋण रोमेरो स्वतःच मान्य करत असे. त्यानं केलं ते एवढंच की मालक काढून टाकला आणि भूक ठेवली. पण ते ‘एवढंच’ सगळ्यांना वापरता आलं. २०२२ मध्ये आपल्याकडे डोंबिवलीत घडणारा ‘झोंबिवली’ आला तोही त्याच वाटेनं.

आता आपल्या गावाकडे येतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. पी. के. नायर यांनी ते कसं उभं केलं, फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे कुठून कुठून मिळवले, हे इथल्या सिनेमावाल्यांना पाठ आहे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट जळाले. म्हणून जतन करणं हे पहिलं काम, याबद्दल दुमत नाही. पण जतन केलेला सिनेमा दिसलाच नाही तर तो अभिजात ठरणार कसा? ‘संत तुकाराम’ १९३६चा. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, तेव्हा त्याच्यावर आज कुणाचा हक्क नाही. तरी आजचा मुलगा तो पाहतो कुठे? इंटरनेटवर, कोपऱ्यात कुठल्यातरी वाहिनीचा शिक्का असलेल्या, पुसट, कापलेल्या प्रतीत. आणि मग म्हणतो, जुने मराठी सिनेमे असेच दिसायचे. रोमेरोच्या बाबतीत आपण केलेली चूक इथे तो आपल्याच सिनेमाच्या बाबतीत करतोय, आणि त्यात दोष त्याचा नाही.

हक्क संपलेले चित्रपट सरकारी संग्रहानं चांगल्या प्रतीत सगळ्यांसाठी मोफत खुले करावेत, हे माझं म्हणणं आहे. अपवाद म्हणून, महोत्सवापुरतं किंवा अर्ज करणाऱ्या अभ्यासकापुरतं नको, नेहमीचं धोरण म्हणून हवं. यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो. पुनर्संचयनाला खर्च येतो, फुकट दिलं तर भरून कसा निघणार? या आक्षेपाला उत्तर रोमेरोच्याच सिनेमात आहे. कुणाचीच मालकी नसलेल्या या सिनेमावर दोन संस्थांनी खर्च केला, आणि २०१८ मध्ये अभिजात चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं ती प्रत डिस्कवर विकायला काढली, तीही इंटरनेटवर फुकट प्रतींचा सुकाळ असताना. चांगल्या प्रतीला किंमत मोजणारा प्रेक्षक असतो, पण आधी त्याला तो सिनेमा माहीत असावा लागतो.

दुसरा आक्षेप खरोखर अडचणीचा आहे. चित्रपटाचा हक्क संपला तरी गाण्यांचा आणि कथेचा हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. पुलंचा ‘गुळाचा गणपती’ १९५३चा, चित्रपट म्हणून तो मोकळा झाला. पण ‘इंद्रायणी काठी’ लिहिणारे गदिमा गेले १९७७ साली, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत, आणि संगीत पुलंचं असल्यामुळे ते त्याच्याही खूप पुढे. वारसांशी बोलावं लागेल, एकेका चित्रपटाची कागदपत्रं तपासावी लागतील, आणि हे काम कंटाळवाणं आहे. म्हणूनच सुरुवात मूकपटांपासून करावी. त्यांत गाण्यांचा प्रश्नच येत नाही, वाचलेली रिळं मोजकीच आहेत, आणि ती लॉ कॉलेज रस्त्यावरच्या याच चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यात आहेत.